सोमवारी मोडायचे घर

मराठी सुशिक्षितांच्या एका वर्गात अलीकडे एक छंद रुजू लागला आहे. आपलीच रोजची मोटार, तीत आपणच बसवलेला बिछाना, दोन पडदे, एक मच्छरदाणी आणि शनिवारची रात्र घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाबाहेर. या गाडीला 'कॅम्पर' असे नाव रूढ झाले आहे. पर्यायी शब्द घडवण्याच्या खटपटीत मी पडत नाही, कारण माझे भांडण शब्दाशी नाही. ते या छंदाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हांशी आहे.

पहिली तऱ्हा आमच्या महाविद्यालयांच्या शिक्षक-खोल्यांत आढळते. विषय निघाला की कोणीतरी स्मितहास्य करून 'अमेरिकेतले खूळ' असा शेरा मारतो आणि चर्चा पुन्हा विद्यापीठाच्या परिपत्रकांकडे वळते. दुसरी तऱ्हा बाजाराची. तेथे कॅम्पर म्हणजे लाखो रुपये ओतून सजवलेले वाहन असते. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वातानुकूलन असते आणि बाहेरच्या अंगावर 'स्वातंत्र्य' या अर्थाचा एखादा इंग्रजी शब्द रंगवलेला असतो. एक तऱ्हा या वस्तूला हसते, दुसरी तिला विकते. परंतु ती घडते कशी, हे पाहण्याची गरज दोघींनाही वाटत नाही. म्हणून तिचे खरे मोलही दोघींच्या नजरेतून निसटते. माझ्या मते घरी बनवलेल्या कॅम्परचे सारे मोल तो सोमवारी सकाळी मोडता येतो, या एका गोष्टीत आहे.

ती घडते कशी, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणारी वॅगनआर घ्या. बाहेरून तिची लांबी ३,६५५ मिलिमीटर, म्हणजे बारा फूट. त्यातून इंजिन आणि पुढची आसने वजा केली की उरते त्यात माणसाला आडवे व्हायचे आहे. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडली तरी तिची पातळी आणि डिकीच्या तळाची पातळी जुळत नाही. शिवाय पुढची आसने पुढे सरकवल्यावर मध्ये पाय ठेवण्याच्या जागेचा खड्डा उरतो. सारी कारागिरी या दोन अडचणींची आहे. त्यांवरचा उपाय म्हणजे बारा मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा दोन-तीन तुकड्यांचा फळा. तुकडे बिजागरीने जोडायचे. खड्ड्यावर येणाऱ्या भागाला घडीचे पाय लावायचे किंवा खाली पेटी ठेवायची आणि त्या पेटीत स्टोव्ह, भांडी, दोरी ठेवायची. आठ बाय चार फुटांचा या जाडीचा पत्रा वीस ते पंचवीस किलोंचा भरतो. त्यावर फोमची घडी होणारी गादी. खिडक्यांना चुंबकाने चिकटणारी जाळी आणि सुती पडदे. पिण्याचे पाणी वीस लिटर, म्हणजे वीस किलो. पाच माणसे वाहून नेण्यासाठी बनवलेल्या गाडीत दोन माणसे आणि हा संसार सहज मावतो. ती दोन माणसे एकमेकांवर रुसलेली नसावीत एवढेच. खर्च सुताराच्या मजुरीसकट पंधरा हजारांच्या आत राहू शकतो.

यात काही गोष्टी जीवन-मरणाच्याही आहेत. बंद गाडीत स्टोव्ह वा शेगडी पेटवायची नाही आणि वातानुकूलनासाठी इंजिन रात्रभर चालू ठेवायचे नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा दोन बोटे उघड्या हव्यातच, नाहीतर दोन माणसांच्या श्वासाची वाफ पहाटेपर्यंत काचांवरून गादीवर ओघळते. बारा वॅटचा छोटा पंखा आठ तास चालवायला शंभर वॅट-तासांच्या आसपास वीज लागते. ती गाडीच्या मुख्य बॅटरीतून घेतली तर सकाळी धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. तिच्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवावी. मे महिन्यात कोकणात असे झोपणे म्हणजे स्वतःला वाफवून घेणे होय. हा ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा उद्योग आहे. पावसाळ्यात दरडीखाली मुक्काम करू नये, हे सांगावे लागू नये, पण सांगितलेले बरे.

आता 'परकीय खूळ' या आक्षेपाकडे वळू. शेतात शेणखत आणि कडबा वाहणाऱ्या बैलगाडीला जत्रेच्या आदल्या दिवशी तट्ट्या बांधायचा, आत गवत पसरून त्यावर गोधडी टाकायची, भाकरीचे गाठोडे, पाण्याची घागर आणि पोरेबाळे घेऊन निघायचे, देवळाच्या माळावर गाडी सोडून तिच्यातच वा तिच्याखाली झोपायचे, आणि परतल्यावर तट्ट्या काढून गाडी पुन्हा शेतात न्यायची, हे महाराष्ट्राच्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांसोबत चालणारे ट्रक पाहा. तंबू, शिधा, गॅस आणि भांडी वाहणारे ते ट्रक आषाढीपर्यंत दिंडीचे कोठार आणि स्वयंपाकघर असतात. वारी संपली की तेच ट्रक पुन्हा माल वाहतात. रोजच्या वाहनाला तात्पुरते घर करणे आणि काम झाले की त्याला त्याच्या मूळ धंद्यावर परत पाठवणे, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिला वेगळे नाव देण्याचीही कोणाला गरज वाटली नाही. ही रीत आपल्याच घरात होती, हे आपल्याला अमेरिकेकडे बोट दाखवताना सुचत नाही, इतकेच.

आणि जेथून ती आली असे म्हटले जाते, तेथेही तिचे मूळ रूप हेच आहे. जर्मनीतल्या वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ साली फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅनसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. तो सामानाचा संच होता आणि तो गाडीतून बाहेर काढता येत असे. आठवडाभर व्हॅनने धंदा करायचा, सुट्टीच्या दिवशी तिने कुटुंबाला घेऊन जायचे, हा त्यामागचा हिशेब. युद्धाने मोडलेल्या देशातल्या लहान व्यावसायिकाला दोन गाड्या परवडणार नव्हत्या; त्या गरजेतून ही युक्ती निघाली. जपानची कथा तर आपल्या अधिकच जवळची. १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे भारतीय रस्त्यांवर धावणारी मारुतीची ऑम्नी ही मुळात सुझुकी कॅरी. जपानमध्ये छोट्या गाड्यांचा एक वर्गच कायद्याने ठरवलेला आहे : लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, याच्या वर नाही. त्या चिमुकल्या व्हॅनमध्ये फळी टाकून झोपण्याला तेथे 'शाचूहाकू' असा सरळ शब्द आहे. गाडीत मुक्काम, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे ज्या गाडीने शाळेची मुले, फुलांच्या पाट्या आणि रुग्ण वाहिले, तिच्या जपानी भावंडांनी हे कामही केले. ऑम्नीची जागा चालवणाऱ्या ईकोला ते जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

बाजाराच्या तऱ्हेचे उत्तर देणे अधिक गरजेचे आहे, कारण ती शब्दांना भ्रष्ट करते. अमेरिकेत मोटार नवी होती तेव्हाचे एक चित्र उद्‌बोधक आहे. हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ही मंडळी १९१५ ते १९२४ च्या दरम्यान बहुतेक वर्षी मोटारीने रानात मुक्कामाला जात आणि स्वतःला 'भटके' म्हणवून घेत. त्यांच्यासोबत आचारी आणि नोकर असत, छायाचित्रकार असत. १९२१ साली तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या तळावर आले. त्याच काळात, १९१९ साली, फ्लोरिडातल्या टँपा येथे सामान्य मोटारवाल्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना स्थापन केली. डब्यातले अन्न खाणारी, स्वतःच्या हाताने मॉडेल टीला तंबू आणि खाटा जोडणारी ही माणसे. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाखून लावलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. बाजार आज जे विकतो आहे तो फोर्डसाहेबांचा तळ आहे, पण त्यावर खूण मात्र पत्र्याच्या डब्याची लावलेली आहे.

२०११ साली फॉस्टर हंटिंग्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने समाजमाध्यमांवर 'व्हॅनलाइफ' ही खूण रूढ केली. त्यानंतर व्हॅनच्या उघड्या दारातून दिसणारा समुद्र आणि चादरीवरचा कॉफीचा पेला यांच्या प्रतिमांचे अमाप पीक आले. त्याच देशात २००८ च्या आर्थिक संकटानंतर घर गमावलेली, साठी-सत्तरीतली माणसे व्हॅनमध्ये राहून गोदामांत आणि बीटच्या सुगीत हंगामी मजुरी करीत होती. जेसिका ब्रूडर या पत्रकार लेखिकेने २०१७ च्या 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकिकत लिहिली. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. एकच वाहन, एकच गादी. एकाला ती छायाचित्राचा विषय, दुसऱ्याला शेवटचा आसरा. हे माहीत असूनही 'भटके जीवन', 'बंजारा वृत्ती', 'मुक्ती' ही शब्दावली मराठी जाहिरातींत सरसकट येते, आणि आपण भाषेचे शिक्षक त्याबद्दल मौन पाळतो.

ते मौन आपल्याला शोभत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. ही पुस्तके आपण अभ्यासक्रमात लावली, त्यांवर प्रश्नपत्रिका काढल्या. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणे म्हणजे काय, हे ज्याने वर्गात शिकवले त्याने सात लाखांच्या सजावटीवर 'भटके' हा शब्द पाहून गप्प बसावे काय? दिवाळीच्या सुमारास बीडहून आणि अहिल्यानगरहून ऊसतोडीला निघणारी जोडपी 'कोयता' या एका शब्दात मोजली जातात. कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून ती हंगाम काढतात. त्यांच्या हिंडण्याला कोणी स्वातंत्र्य म्हणत नाही, आणि म्हणू नये.

यावर एक रास्त आक्षेप येतो : मग तुमचा शनिवारचा मुक्काम तरी काय वेगळा? ज्याची काहींवर सक्ती आहे त्याची तुम्ही मौज करता, इतकेच ना? हा आक्षेप मी टाळत नाही. त्याचे उत्तर मोडता येण्यात आहे. ज्याचे घर सोमवारी जागेवर आहे आणि जो ते जागेवर आहे हे विसरत नाही, तो सहलीला सहल म्हणतो. जो आपल्या सुट्टीला बिऱ्हाड म्हणतो, तो दुसऱ्याच्या दैन्याचे नाव उचलतो. घरी बनवलेला, उचलून माडीवर ठेवता येणारा फळा ही पहिल्या प्रकारची वस्तू आहे. तो स्वतःविषयी खोटे बोलत नाही. त्याच्या मालकाला दोन रात्रींच्या पलीकडे काही बदलायचे नसते आणि त्याला तशी बतावणीही करावी लागत नाही.

साहित्याच्या माणसांसाठी याचे एक अजोड उदाहरण उपलब्ध आहे. हुलिओ कोर्तासार आणि कॅरोल डनलॉप यांनी मे-जून १९८२ मध्ये 'फाफ्नर' असे नाव दिलेल्या आपल्या फोक्सवॅगन व्हॅनमधून पॅरिस ते मार्सेय असा प्रवास केला. एका दिवसात संपणारा हा रस्ता. त्यांनी नियम असा केला की महामार्ग सोडायचा नाही, वाटेतल्या विश्रांतीच्या प्रत्येक थांब्यावर उतरायचे, रोज दोन थांबे घ्यायचे आणि दुसऱ्यावर रात्र काढायची. पासष्ट थांबे, तेहतीस दिवस. या प्रवासाचे पुस्तक १९८३ साली निघाले. त्याआधीच, नोव्हेंबर १९८२ मध्ये, डनलॉप यांचे निधन झाले होते, आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये कोर्तासारही गेले. मृत्यूच्या सावलीतल्या दोन लेखकांनी निवडले काय? हिमशिखरे नाहीत, समुद्र नाही. जेथे लोक लघवीला थांबतात ते वाहनतळ. अंतर कापण्याचा सोस सोडला की जवळच्या जागेतही जग सापडते, हे त्यांनी करून दाखवले. पुण्याहून मुंबईपर्यंत जाऊन परतणाऱ्या माणसाला ताम्हिणी वा माळशेज पुरेसा आहे, हे समजायला अर्जेंटिनाचा लेखक लागावा याचा विषाद वाटतो, पण असो.

कायद्याचा मुद्दा आता घ्यावा लागेल, कारण बाजारू सजावटीचे समर्थक त्यावरून सोयीस्करपणे उडी मारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे तत्त्व कठोरपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद वा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मागचे आसन उपटले की आसनसंख्या बदलली. छप्पर कापून उंच केले की सांगाडा बदलला. उत्साहाच्या भरात असे करणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. अपघातात छप्पर आणि आसनांची बांधणी जीव वाचवते. ती हौसेखातर तोडणे बेजबाबदारपणाचे आहे. याउलट आसन जागेवर ठेवून त्यावर पट्ट्यांनी बांधलेला फळा हे गाडीतले सामान आहे, जसे बाजारातून आणलेले कपाट. तोही सैल ठेवू नये. ब्रेक लागताच वीस किलोंचे प्लायवूड मानेवर येते. चालत्या गाडीत त्यावर कोणी झोपू नये, हेही ओघाने आलेच. तरीही रस्त्यावरच्या शिपायाच्या मर्जीवर हा भेद सोडणे बरोबर नाही. काढता येण्याजोग्या सामानाविषयी परिवहन विभागाने एक स्पष्ट परिच्छेद लिहावा, एवढीच मागणी आहे. ती फार मोठी नाही.

खरी मोठी मागणी वेगळीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटन धोरण आणले. त्याची कल्पनाशक्ती चाकांवरच्या हॉटेलापाशी थांबते : कॅरॅव्हान भाड्याने देणारे उद्योजक, कॅरॅव्हान पार्क, सवलती. आपल्या गाडीत आपली फळी टाकून जाणाऱ्या शिक्षकाचा, कारकुनाचा, गवंड्याचा विचार त्यात मध्यवर्ती नाही. या माणसाला सवलत नको असते. त्याला हवे असते घाटमाथ्यावर रात्री उजेड असलेले एक मैदान, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छ, कडी लागणारे शौचालय. जपानने १९९३ पासून महामार्गांवर 'मिचि-नो-एकी' म्हणजे रस्त्याची स्थानके उभारली. आज ती बाराशेहून अधिक आहेत. चोवीस तास वाहनतळ आणि शौचालय ही त्यांची अट आहे, आणि बहुतेक ठिकाणी शेजारीच गावच्या शेतकऱ्यांचा माल विकायला असतो. ती स्थानके विश्रांतीसाठी आहेत, वस्तीसाठी नाहीत, असे तेथील शासन बजावते. तरी थकलेल्या माणसाने रात्री तेथे डोळा लावला तर त्याला कोणी हाकलत नाही.

अशा शौचालयाचा लाभ कॅम्परवाल्यापुरता राहत नाही. एस.टी.ने जाणारी बाई, ट्रकच्या केबिनमध्ये झोपणारा चालक, दिंडीतली म्हातारी, ऊसतोडीच्या वाटेवरचा कोयता, सर्वांनाच तो आहे. पुरुष ज्याला 'मोकळा निसर्ग' म्हणतो तेथे बाईला दिवसभर पाणी न पिता राहावे लागते. आपल्या भटकंतीच्या लेखनात ही गोष्ट आढळत नाही, कारण ते बहुतांशी पुरुषांनी लिहिले आहे. चाकांवरच्या न्हाणीघरात लाखो रुपये घालणारा माणूस हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून मोकळा होतो. फळ्यावर झोपणारा मात्र सार्वजनिक शौचालयाच्या दाराशी सर्वांबरोबर रांगेत उभा असतो. त्या रांगेत उभे राहणारे मध्यमवर्गीय वाढले तर ते दार दुरुस्त होण्याची शक्यता वाढते. या छंदाला मी केवळ निरुपद्रवी न मानता उपयुक्त मानतो ते यासाठी.

शेवटी आपल्या विद्यार्थ्यांविषयी. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचताना आपण १८५७ शोधतो आणि मुक्काम वगळतो. कोठे उतरले, काय शिजवले, पैसे कसे लपवले, गंगेची कावड कशी आणली, हे तपशील आपल्याला गौण वाटतात. प्रवास ज्या साधनांनी घडतो ती साधने वाङ्मयाबाहेरची, असे आपण ठरवून टाकले आहे. त्यामागे हाताने काम करणाऱ्यांना खालचे मानणारी जुनी जातीची नजर आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पदव्युत्तर वर्गात गुण्या, रंधा, पटाशी, ओळंबा हे शब्द उच्चारून पाहा. पन्नासांतली जी पाच मुले मान हलवतात ती सुताराच्या किंवा गवंड्याच्या घरची असतात, आणि आपली ओळख पटल्यासारखी दचकतात.

अशा मुलांना सोबत घेऊन एखाद्या विभागाने एका शनिवारी प्लायवूडचा एक पत्रा कापावा, मोजमापाची वही मराठीत लिहावी, त्या गाडीने कोठेतरी एक रात्र काढून यावे आणि सोमवारी फळा मोडून ठेवावा. मग त्या प्रवासाचे वर्णन लिहायला सांगावे, आणि अट घालावी की सूर्यास्ताला एक ओळ, बिजागरीला किमान दोन परिच्छेद.